छोटी जेट विमाने आणि वैमानिकांचा करार

अमेरिकेतील बड्या विमान कंपन्यांचे वैमानिक आपल्या वेतन-करारात एक कलम आग्रहाने घालून घेतात. कंपनीच्या नावाने, पण कमी वेतन देणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांकडून चालविली जाणारी विमाने किती मोठी असावीत, याचे ते बंधन. तीन प्रमुख कंपन्यांत ही मर्यादा ७६ आसने व ८६,००० पौंड वजनाची आहे. एम्ब्राएरचे इंधन वाचविणारे ई-१७५-ई२ विमान या वजनात बसेना. करारातील एका ओळीने कारखान्यातील आराखडा अडावा, हे नवलच!

मात्र वैमानिकांना हटवादी ठरविण्यापूर्वी २००१ साल आठवावे. डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरच्या वैमानिकांनी तेव्हा ८९ दिवस संप केला. प्रवाशाच्या हाती तिकीट डेल्टाचे. वैमानिकाचे वेतन मात्र निराळे. २०१२ मध्ये डेल्टाने कॉमएअर बंद केली. पन्नास आसनी जुनी जेट विमाने तोवर परवडेनाशी झाली होती.