तुरा आणि सातबारा

रुमानिया हा शेतकऱ्यांचा मुलूख. तेथें १९२७ सालीं मिहाय नांवाचें पांच वर्षांचें पोर गादीवर बसलें. १९३० सालीं बाप कारोल परदेशांतून परतला व त्यानें गादी घेतली. राजाचा युवराज झाला! मग त्याच्यासाठीं नवी पदवी घडविली: 'आल्बा यूलियाचा महाव्होइवोद'. व्होइवोद म्हणजे जुन्या काळचा मुलखाचा धनी. आल्बा यूलियास १ डिसेंबर १९१८ रोजीं ट्रान्सिल्व्हानियाच्या रुमानी लोकांनीं रुमानियाशीं एक होण्याचा ठराव केला होता. लोकांच्या गांवाचें नांव पोराच्या पागोट्यांत तुऱ्यासारखें खोंवलें! १९४० सालीं बापानें गादी सोडली, पोर पुन्हां राजा झालें, पदवी संपली. १९४७ सालीं राजेपणही संपलें.

आतां शेतकऱ्याचें पहा. १९०७ सालीं त्यानें जमिनीसाठीं बंड केलें, तेव्हां फौजेनें गोळ्या घातल्या. १९१७ सालीं लढाईंत तोच शिपाई हवा होता, तेव्हां राजानें जमिनीचें वचन दिलें. १९२१ सालीं कायदा झाला. १९४९ पासून सरकारनें ती जमीन सामुदायिक शेतींत ओढली. तरी १९९१ च्या कायद्यानें लोकांनीं ती परत मागून घेतली.

पदवी मात्र कोणी परत मागितली नाहीं. म्हणून आम्ही सांगतों, तुरा कोणाच्या डोक्यावर आहे तें पाहूं नका. सातबारा कोणाच्या नांवें आहे तें पहा.