रॉटरडॅमची ॲना

मेनोनाइट पंथ मेनो सायमन्स या डच धर्मोपदेशकाच्या नांवानें ओळखला जातो. पण त्याच्या पूर्वपरंपरेंत ॲना यान्स या गीतकर्तीचेंही नांव येतें. १५३४ सालीं तिनें प्रौढपणीं बाप्तिस्मा घेतला. राजसत्तेच्या दृष्टीनें तो देहान्ताचा अपराध होता. इंग्लंडाहून परतल्यावर प्रवासांत तिनें एक स्तोत्र म्हटलें आणि त्या गाण्यानेंच ती ओळखली गेली.

२४ जानेवारी १५३९ रोजीं तिला रॉटरडॅम येथें बुडवून मारण्यांत आलें. वाटेंत तिनें सव्वा वर्षाचा यशया व पैशांची थैली लोकांपुढें धरली. एका पाववाल्यानें मूल पदरांत घेतलें. जगानें झिडकारलेल्या दीनांचा संग धर, असें मुलाला सांगणारें तिचें पत्र मागें राहिलें, आणि तिच्या नांवावरचें ‘तुतारीचें गीत’ही. ज्या नगरानें माता बुडविली, त्याच नगराचा यशया पुढें नगराध्यक्ष झाला.