सत्तरीत आफ्रिकेचं जंगल : आमच्या तयारीची हकीकत

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. मी म्हटलं, जमेच्या बाजूवर मी बँकेत आयुष्यभर बोललो. आज जरा खर्चाच्या बाजूवर बोलू द्या. तर, आपल्या सोसायटीतले आम्ही आठ जण, सगळे साठी ओलांडलेले, येत्या पावसाळ्यात आफ्रिकेतलं जंगल बघायला निघालो आहोत. तयारी सात महिने चालू आहे. ती कशी चालली आहे ते सांगतो, म्हणजे पुढे कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला तोच. आफ्रिका कशाला? बिबट्या तर आपल्याकडे आहेच, अधूनमधून कुणाच्या तरी विहिरीत पडतो आणि फुकट बघायला मिळतो! माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा आईला घेऊन काशीला जाऊन या." काशी झाली आहे. कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला तो भला मोठा हत्ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे. ज्याने कोरला त्याने तो प्राणी कुठेतरी जिवंत पाहिला असणारच. आम्ही मात्र रत्नागिरीत जन्म काढला आणि गेंडा पाहिला तो दगडात. म्हणून कशाला, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

आमचा पहिला बेत केनियाचा होता. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा-एक तासांत येतं. मसाई मारात जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्टचे लाखोंचे कळप मारा नदी ओलांडतात आणि नदीत मगरी टपलेल्या असतात. हे दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. तारखा ठरल्या, ट्रॅव्हलवाल्याकडून दर आले, तेवढ्यात लशीचा विषय निघाला.

हे नीट ऐका, कारण जाहिरातीत ते तळाशी बारीक अक्षरात असतं. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग तो जन्मभर चालतो. इथवर ठीक. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे तिचे गंभीर दुष्परिणाम, क्वचित का होईना, तरुणांपेक्षा जास्त दिसतात, म्हणून डॉक्टर विचार करूनच सल्ला देतात. आणि ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत त्यांना ती सहसा देत नाहीत.

आमच्या आठांत एका वहिनींना संधिवातासाठी नेमकी तसलीच औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. दुसरे एक भाऊ ७६ वर्षांचे, त्यांनाही डॉक्टर म्हणाले, "हौसेसाठी मी ही लस देणार नाही." लस देता येत नाही असं डॉक्टरांचं पत्र नेता येतं, पण त्याने विलगीकरण टळेलच असं नाही. शिवाय लस न घेता त्या भागात जाणं हाच मुळात धोका.

त्या संध्याकाळी गच्चीवर आमची बैठक बसली. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सहा जण जा हो, आम्ही फोटो बघू." दोघा-तिघांना ते पटलंही, कारण मारा नदी हातची सोडायची कुणाचीच तयारी नव्हती. मी स्पष्ट बोललो. पंचवीस वर्षं आपण एका जिन्याने चढलो-उतरलो, पाणीटंचाईत एका टँकरवर भांडलो. नदी बघायला सहा जणांनी जायचं असेल तर माझं नाव आधी काढा. थोडी बोलाचाली झाली. एक सभासद दोन दिवस मला जिन्यात भेटूनही बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच नकाशा काढून दक्षिण आफ्रिकेवर बोट ठेवलं.

दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या यादीत नाही. पण विमान कुठून बदलता ते बघा! आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त मिळालं तरी तिथे रखडलात तर दाखल्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आम्ही दुबईमार्गे घेतलं, थोडं महाग पडलं.

आणि हा देश आपल्या जिल्ह्याला परका नाही. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले नामदार गोखले १९१२ मध्ये बोटीने केपटाउनला उतरले आणि जवळजवळ महिनाभर गांधीजींबरोबर तो देश फिरले, तिथल्या हिंदी लोकांवरच्या तीन पौंडांच्या कराबद्दल मंत्र्यांशी बोलले. तेव्हा त्यांना मधुमेह होता. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं त्यांचं उपरणं गांधीजींनी स्वतः इस्त्री करून दिलं होतं. आमची इस्त्री आम्हालाच करावी लागणार, ते असो.

आम्ही जाणार ते क्रूगर राष्ट्रीय उद्यान. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा, बिबट्या हे पाचही तिथे आहेत. या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हणतात ते शिकाऱ्यांनी, पायी शिकार करायला सगळ्यांत अवघड म्हणून. जिराफ, झेब्रे, पाणघोडे, तरस आणि ५०० हून अधिक जातींचे पक्षी वेगळे. रस्ते बरेचसे डांबरी, वेग ताशी ५० च्या आत, आणि वाहनं आपल्यासारखीच डावीकडून. कॅम्पला कुंपण असतं, सूर्यास्ताच्या सुमाराला दरवाजे बंद. स्कुकुझा, लोअर साबी, साटारा असे कॅम्प आहेत. गोल झोपडीवजा खोल्यांना बऱ्याच ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असतं, म्हणजे खिचडीची सोय झाली! फक्त दुधाचे पदार्थ, फळं, बियाणं नेण्यावर निर्बंध आहेत. कौतुकाने आंब्याची पेटी नेऊ नका.

आरक्षण साधारण अकरा महिने आधी खुलं होतं आणि चांगल्या खोल्या लगेच जातात. तारखा ठरवताना मात्र आमचं सगळं गणित गणपतीवर अडलं. तिथे मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा. गवत वाळून खाली बसतं, पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात म्हणून दिसतात, डासही कमी. म्हणजे आपल्याकडे आंबा संपून पाऊस लागला की तिथला हंगाम. पण गणपतीच्या आत घरी यायलाच हवं, कोकणातल्या माणसाला दुसरा पर्याय नाही. म्हणून जुलैअखेर निघायचं ठरलं. पहाटे थंडी चांगली बोचते. स्वेटर, कानटोपी हवीच. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, डास कमी असले तरी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारायचंच.

आता पैशाचं. माणशी अडीच लाखांच्या आसपास अंदाज आहे. एकाने विचारलं, एफडी मोडून जायचं का? मोडू नका, मुदत संपेल तशी तारीख धरा, दोन वर्षं आधी ठरवलं तर जमतं. परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा. मुलांना काय ठेवायचं, हाही प्रश्न आला. माझ्या मते ज्याला आपण शिकवून नोकरीला लावलं त्याच्यासाठी आणखी अडीच लाख राखून स्वतः बाल्कनीत बसायचं कारण नाही. हे माझं मत, भांडण नको.

विमा मात्र स्वस्तात बघू नका. रक्तदाब, मधुमेह, बायपास जे असेल ते अर्जात लिहा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बरोबर वर येतो. आधीच्या आजारांवर संरक्षण आहे का आणि जंगलातून इस्पितळात हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी मागा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

व्हिसा लागतोच, पासपोर्टला कोरी पानं हवीत. आमची ठरवलेली गाडी दहा आसनांची आहे, चालक तिथला. म्हणजे दोन जागा शिल्लक आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहाला सोसायटी ऑफिसात पासपोर्ट आणि चालू औषधांची यादी घेऊन यावं. कुणाकडे चांगली दुर्बीण पडून असली तर तीही आणा.