सांजेचा चारा, दिवसाचे वासरू

(दरेकसा, जि. गोंदिया येथे गोपालकांसमोर केलेले भाषण)



दरेकसा परिसरात रात्री गाय व्यायला लागली की घराची झोप उडते. भोवती अरण्य, बिबट्याचे भय. वासरू अडलेच, तर पशुवैद्य पोहोचेपर्यंत उजाडते. अशाच एका रात्री आमच्या घरची गाय वासरासह गेली. ते दुःख मनात ठेवून आज एकच विनंती करतो : गाभण गाईच्या मुख्य चाऱ्याची वेळ बदला.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल या गोपालकाने रात्री उशिरा चारा घालण्याची पद्धत रूढ केली आणि त्यांच्या बहुसंख्य गायी दिवसा विऊ लागल्या. पुढे अमेरिकेतील आयोवा राज्यात १५ गोपालकांच्या १,३३१ गायींना दिवसातून एकदा, सायंकाळी चारा दिला गेला. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के गायी सकाळी ६ ते सायंकाळी ६ या वेळेत व्याल्या. विण्याआधी कोठीपोटाची हालचाल मंदावते. रात्री पोट भरलेले राहिले की ती मंदावण्याची घटका दिवसावर जाते, असे अभ्यासक मानतात.

आपल्याकडे हे कसे करावे? रेतनाची तारीख लिहून ठेवा. त्यापासून सुमारे २८० दिवस धरा. अखेरचे तीन आठवडे गाईला रानात न पाठवता घरीच बांधा. तणीस, हिरवा चारा, ढेप यांचा मोठा वाटा दिवेलागणीला घाला, उरलेला चारा सकाळी काढून घ्या. दिवसाकाठचे प्रमाण मात्र कमी करू नका. पाणी सदैव समोर असू द्या.

हा हमखास उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. तेथील गायी वेगळ्या, आपली काठाणी गाय वेगळी. तेथेही सातांतली एक गाय रात्रीच व्याली. तेव्हा कंदील विझवू नका. पाणमोट फुटूनही तासाभरात वासरू पुढे सरकले नाही, तर ओढाताण न करता १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागा. वासरू जन्मताच तासाभरात त्याला चीक पाजा.

बंधूंनो, वसुबारसेला आपण सवत्स धेनूला ओवाळतो. ती सवत्स राहावी, यासाठी वैरणीची वेळ बदलणे हीसुद्धा गोसेवाच आहे. तिला पैसा लागत नाही, नेम लागतो. तो नेम आजच्या सांजेपासून धरूया.