पेरणीची घाई नको, पावसाचा हिशेब ठेवा

मृग लागला की आपला जीव पेरणीकडे ओढ घेतो. दोन सरी पडल्या, शेजाऱ्यानं तिफण धरली, की आपल्यालाही घरात बसवत नाही. मग पाऊस दडी मारतो. उगवलेली रोपं माना टाकतात आणि दुबार पेरणी कपाळी येते. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली. वर हंगामही मागे पडला. कोरडवाहू शेतकऱ्याला हा घाव सोसत नाही.

पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, असं आपण पारावर बोलतोच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीनं १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्या, असं त्यांना दिसलं. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अरबी समुद्र तापतो आहे आणि वाऱ्यांबरोबर येणारी वाफ वाढते आहे, हे त्यामागचं एक कारण. म्हणून नुसती वर्षाच्या पावसाची बेरीज पाहून भागत नाही. तो कसा आणि कधी पडतो, हे पाहायला हवं.

यात आपल्याला मदत कुणाची? भारतीय हवामान विभाग पुढील पाच दिवसांचा अंदाज देतो. त्यावरून कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ पिकांसाठी सल्ला तयार करतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणाहून असा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. फवारणी आज करावी की थांबावं, काढलेलं पीक झाकावं का, हे त्यात असतं. घरातल्या शिकत्या मुला-मुलीला तो मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा.

पण मंडळी, अंदाज असतो जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा. आपल्या शिवारात किती पडला, हे आपणच मोजायचं. उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा एक डबा घ्या. झाड आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी तो पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला फुटपट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक इंच पाणी म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी टाकतो. म्हणजे हा हिशेब लहान नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव याच वाटेनं गेलं. पाऊस मोजून, गावात पाणी किती आहे ते पाहून तिथं पिकं ठरवतात. राज्य शासनानं २०१८ साली सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावाच्या पाण्याचा ताळेबंद आणि शेतीशाळा यांवर भर दिला गेला. आपल्या गावी शेतीशाळा भरत असेल तर जरूर जा. नुसतं ऐकू नका, शंका विचारा.

एवढं ध्यानात ठेवा :

१. ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. जमिनीत चांगली ओल गेली का, ते उकरून पाहा.

२. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरा. जादा पाणी सरीतून निघून जातं आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते.

३. सगळी भिस्त एका पिकावर नको. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्या.

४. पेरणीआधी सल्ला वाचा, डब्याची नोंद पाहा आणि मगच तिफण धरा.

पाऊस आपल्या हाती नाही. पण चार दिवस थांबायचं की पेरायचं, हा निर्णय आपल्याच हाती आहे. तेव्हा पहिल्या सरीच्या आधी डबा बसवा.