वनस्पतिपेशी, प्राणिपेशी आणि सोयाबीनचे पिवळे पान

उज्जैन नगरीचे नाव खगोलविद्येशी फार पूर्वीपासून जोडलेले आहे. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या येथील वेधशाळेत, डोळ्यांना दिसणाऱ्या पण हाताला न लागणाऱ्या ग्रहताऱ्यांचे वेध घेतले जात. नगरीभोवतालच्या माळव्याच्या काळ्या जमिनीत आज सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे आणि तेथील शेतकऱ्यापुढील प्रश्न नेमका उलटा आहे. पान हाताला लागते, परंतु ज्या पेशींनी ते घडले त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

भर पावसाळ्यात सोयाबीन पिवळे पडू लागले की शेतकरी चिंतातुर होतो आणि मिळेल ते औषध आणून फवारतो. कधी गुण येतो, कधी पैसा वाया जातो. पिवळेपणा दिसायला एक असला तरी त्याची कारणे निराळी असतात आणि पेशीच्या निरनिराळ्या भागांत त्यांचा उगम असतो. विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांनाही हे तितकेच लागू आहे.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात पेशींचे कप्पे पाहिले. पुढे श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींविषयी व श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, सर्व सजीवांची शरीरे पेशींचीच बनलेली असतात. प्रत्येक पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते. आत काय घ्यावे आणि बाहेर काय टाकावे याचे नियमन ते करते. वनस्पतिपेशीत त्याबाहेर सेल्युलोजची भक्कम पेशीभित्तिका असते. मधोमध असलेली मोठी रिक्तिका पाण्याने भरलेली असली की पेशी ताठ राहते. पाणी घटले की पान मलूल होते. रायबोसोम प्रथिने तयार करतात, तर गॉल्जी पिंड त्यांची बांधाबांध व पाठवणी करतात.

पिवळेपणाच्या दृष्टीने तीन भाग विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला भाग हरितलवक. सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून येथे शर्करा तयार होते. हरितद्रव्य बनण्यास लोह आवश्यक असते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा वेळी फेरस सल्फेटची शिफारशीप्रमाणे केलेली फवारणी उपयोगी पडते.

दुसरा भाग तंतुकणिका. येथे प्राणवायूच्या साहाय्याने शर्करेपासून ऊर्जा मिळते. शेतात पाणी साचले की मुळांच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, ऊर्जा कमी पडते आणि अन्नद्रव्यांचे शोषण मंदावते. येथे उपाय औषधाचा नसून चर काढून पाण्याचा निचरा करण्याचा आहे.

तिसरा भाग केंद्रक. येथील गुणसूत्रांत पेशीच्या कारभाराची बहुतेक सारी लिखित आज्ञा असते. पिवळ्या मोझॅक रोगाचा विषाणू थेट या केंद्रकात शिरून स्वतःच्या प्रती काढवून घेतो. हरितलवकांचा ऱ्हास होतो, पानावर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात आणि शेंगा कमी धरतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. ही माशी प्राणी आहे. तिच्या पेशींत केंद्रक व तंतुकणिका आहेत, परंतु पेशीभित्तिका नाही आणि हरितलवकेही नाहीत. तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, म्हणूनच ती पानातील गोड रस शोषते आणि रसाबरोबर रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

केंद्रकात शिरलेल्या विषाणूपर्यंत कोणतेही बुरशीनाशक पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी विषाणू म्हणजे बुरशी नव्हे. रोगट झाड बरे होत नाही. ते दिसताच उपटून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे लावणे व पांढऱ्या माशीचा वेळीच बंदोबस्त करणे हेच हाती राहते. खरा उपाय पेरणीपूर्वीचा आहे. मध्य प्रदेश व महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पेरले गेलेले जे. एस. ३३५ हे वाण या रोगास बळी पडते. पुढे संशोधकांनी प्रतिकारक्षम वाणे काढली. त्यांची प्रतिकारशक्तीही केंद्रकातील जनुकांतच असते, म्हणून ती बियाण्याबरोबर शेतात येते.

शिक्षकांनी हा धडा केवळ आकृती काढून व नावे पाठ करवून संपवू नये. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला की साध्या सूक्ष्मदर्शकातून पेशीभित्तिका व केंद्रक दिसते. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात हरितलवके दिसतात. गालाच्या आतील पेशी मिथिलीन ब्लूने रंगविल्यास भित्तिका नसलेली प्राणिपेशी ओळखता येते. हे पाहिलेला विद्यार्थी घरच्या शेतातील पिवळे पान हाती घेऊन, शिरा हिरव्या आहेत काय, शेतात पाणी साचले आहे काय, पानावर चट्टे आहेत काय, असे तीन प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारील. त्या प्रश्नांची उत्तरे औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी मिळाली, तर कुटुंबाचा पैसा व हंगाम दोन्ही वाचतील.