प्रसंग तसे नेतृत्व





एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा हिशेब मांडला जातो तो वास्तूंचा, देणग्यांचा आणि चातुर्मासांचा. कारभार कोणत्या रीतीने झाला, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. वास्तविक कुंभार पिंपळगावसारख्या गावातील कोणत्याही ट्रस्टचे पुढील भवितव्य त्यावरच अवलंबून असते. जुन्या पिढीत वडीलधाऱ्यांच्या एका शब्दावर वर्गणी जमत असे. आज शहरात शिकून आलेला तरुण निर्णयामागचे कारण विचारतो. वडीलधाऱ्यांना तो उद्धट वाटतो, तरुणाला ते हेकेखोर वाटतात. समाजाचे हित दोघांनाही हवे असते. तरीही बैठकीत आवाज चढतात आणि पुढच्या बैठकीला चार माणसे कमी येतात.

याच घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधात त्यांनी महंताच्या लक्षणांचा विस्ताराने विचार केला आहे. महंताने आपल्यासारखे महंत तयार करावेत, ही त्यातील एक महत्त्वाची अपेक्षा. समर्थांचे अखेरचे वास्तव्य साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर होते. त्याच साताऱ्यात विसाव्या शतकात एका जैन कुटुंबातील पुरुषाने ही अपेक्षा शिक्षणाच्या क्षेत्रात प्रत्यक्षात आणली. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेले. परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाने ही आठवण झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. हट्टी स्वभाव त्यांच्याजवळ उपजतच होता, एवढे त्यावरून कळते. परंतु केवळ हट्टावर संस्था उभी राहत नाही, हे त्यांना पुढील आयुष्याने शिकवले.

शिक्षण अर्धवट सुटल्यानंतर त्यांनी काही काळ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवण्यासाठी खेडोपाडी प्रवास केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी अनेक शेतकऱ्यांचा समज होता. तेथे हुकूम चालत नव्हता. शेतकऱ्याच्या बांधावर बसावे लागे, त्याची शंका ऐकून घ्यावी लागे. खेड्यातील माणसाशी बोलण्याची जी हातोटी पुढे शाळांसाठी उपयोगी पडली, तिची तालीम या भटकंतीत झाली असावी.

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. येथे भाऊरावांचे रूप निराळेच होते. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपली कामे आपण करत. या नियमात सवलत नव्हती. मात्र शिस्तीमागे घराची ऊब होती. सौ. लक्ष्मीबाईंनी सोवळ्याओवळ्याचे संस्कार बाजूस ठेवून या मुलांना पोटाशी धरले, आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. भाऊरावांच्या कर्तृत्वाचे गोडवे गाताना या माउलीचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे योग्य नव्हे.

देणगीदारांशी वागताना ते आर्जवी होते. झोळी पसरताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. तरीही १९४७ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाची एक हकीकत सांगितली जाते. मोठ्या देणगीच्या बदल्यात महाविद्यालयाचे नाव बदलावे, असा प्रस्ताव आला आणि भाऊरावांनी तो साफ नाकारला. संगमरवरी पाटीवरील नावांच्या क्रमावरून जेथे रुसवेफुगवे होतात, तेथे ही हकीकत अवश्य वाचून दाखवावी. १९४८ साली तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. त्या वेळीही ते नमले नाहीत, लोकांकडे गेले. गाडगे महाराजांनी संस्थेच्या बाजूने आपले वजन खर्च केले आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले.

शेतकऱ्यापुढे श्रोता, मुलांपुढे कडक वडील, दात्यापुढे याचक आणि सत्तेपुढे ताठ. अनेकांताची शिकवण लाभलेल्या समाजाला यात विसंगती वाटू नये. एकच व्यक्ती एका अपेक्षेने कठोर आणि दुसऱ्या अपेक्षेने मृदू असते. समोर कोण आहे आणि त्याची गरज काय, हे आधी पाहावे लागते. बहुतेक कार्यकर्ते येथेच चुकतात. एका प्रसंगी ज्या रीतीने यश आले, तीच रीत ते जन्मभर वापरतात.

१९३९ साली अमेरिकेत कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. हुकूम देणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटातील मुलांचे काम मंदावत असे. सर्वांना विचारात घेणाऱ्या प्रमुखाच्या गटात मात्र काम बरेचसे चालू राही. विश्वस्त मंडळांनी स्वतःला हाच प्रश्न विचारावा. अध्यक्ष तीन महिने परगावी गेले, तर पाठशाळा भरते का? हिशेब वेळेवर लिहिला जातो का?

भाऊरावांनी शिक्षक घडवणारी अध्यापक विद्यालये काढली. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने मुलांना स्वतःच्या पायावर उभे केले आणि शाळांचा भार त्यांच्यातूनच तयार झालेल्या माणसांवर सोपवला. त्यांच्याच छायेत वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील केंब्रिजला जाऊन आले, संस्थेच्या कार्यात उतरले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्याहून अधिक शिकलेल्या माणसाच्या हाती काम देणे ही संस्थापकाची सर्वांत अवघड परीक्षा असते. पुष्कळ कर्तबगार माणसे येथे अनुत्तीर्ण होतात. किल्ल्या कमरेलाच राहतात.

९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. तेव्हा संस्थेच्या शंभरांहून अधिक माध्यमिक शाळा होत्या. त्या पुढेही चालू राहिल्या, वाढत गेल्या. २०१९ साली रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.